तिसऱ्या वळणावरचा मार्शल

(वाशीतलं एक हॉस्पिटल, दुसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा. सोमवार सकाळ, साडेदहाचा सुमार. काल जासईच्या माळावर मोटारींची शर्यत झाली आणि तिथे उलटलेल्या गाडीचा चालक अभिराम आतल्या खोलीत मानेला पट्टा बांधून पडला आहे. शर्यत भरवणाऱ्या क्लबचे मुख्य मार्शल सुभाष दिघे येरझाऱ्या घालताहेत, कारण त्यांना बसवत नाही. मार्केटातला माथाडी भैरू शेडगे, काल तिसऱ्या वळणावर मार्शल होता तोच, उभा आहे, कारण साहेब उभे आहेत.)

सुभाष: ...आणि ही शेवटची ओळ. 'पेट्रोल गळत असल्याने चालकास तातडीने बाहेर काढावे लागले.' बस्स, एवढंच. खाली सही कर.

भैरू: पेट्रोल गळत नव्हतं, सायेब.

सुभाष: तुला काय माहीत? त्या गडबडीत तुझं नाक ठिकाणावर होतं का?

भैरू: मिरचीच्या गाळ्यावर धा वर्सं काढली, तरी नाक शाबूत हाय माजं. गळत नव्हतं.

सुभाष: भैरू, टेन्शन घेऊ नकोस, नीट ऐक. मार्शलचा नियम काय सांगतो? आग लागली किंवा पेट्रोल गळायला लागलं, तरच ड्रायव्हरला हलवायचं. नाहीतर त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि डॉक्टर येईपर्यंत तसंच बसून राहायचं. हेल्मेटलासुद्धा हात लावायचा नाही. तू काय केलंस? ओढून काढलंस, हेल्मेट उतरवलंस. म्हणजे पेट्रोल गळत असलंच पाहिजे. आलं का लक्षात?

भैरू: ह्यो नियम मला आज कळतुया.

सुभाष: ते आता नको. हा बघ, पेजर. सकाळपासून चौथा मेसेज. कमिटीला स्टेटमेंट हवंय. तू सही केलीस की तूही सुटलास आणि मीही सुटलो.

भैरू: आन् त्ये सायेब? त्ये बी सुटलं का?

सुभाष: कोण, अभिराम? त्याच्यासाठी आपण काय करणार. डॉक्टर बघताहेत ना.

भैरू: पाय हालत्यात का त्येंचं?

सुभाष: नाही. हात थोडे हलतात, बोटं हलतात. कमरेखाली काही नाही. पण ते गाडी उलटल्यानेच झालं. दोन कोलांट्या खाऊन गाडी पुन्हा चाकांवर येऊन आदळली, तुझ्या डोळ्यांदेखत. त्यात माणसाचं काय होणार? आणि ते लिहिलंय ना वर. ही दुसरी ओळ बघ. 'मार्शल पोचले तेव्हा चालक बेशुद्ध होता व त्याचे पाय लुळे होते.'

भैरू: ह्ये कुनी सांगितलं?

सुभाष: कमिटीने ठरवलं.

भैरू: कमिटी व्हती का तिसऱ्या वळनावर?

सुभाष: आवाज कमी कर. त्याची बायको आत बसलीय.

भैरू: तिथं म्या पयला पोचलो. मागनं आमच्यातलाच ज्योतिबा आला. तिसरं कुनी नव्हतं. सायेब शुद्धीत व्हते. डोळं उघडं व्हतं.

सुभाष: बरं, होते शुद्धीत. 'बेशुद्ध' खोडतो. झालं?

भैरू: पायाचं बी खोडा.

सुभाष: का?

भैरू: खोडा म्हनतो न्हवं.

सुभाष: भैरू, मला सांग, तू त्याला ओढलंसच का? मी वर मचाणावरून बघत होतो. घसा फाटेपर्यंत ओरडत होतो, हात लावू नका, हात लावू नका म्हणून.

भैरू: गाड्यांच्या घरघरीत काय ऐकू येतंय? सायेब, आमच्याकडं बैलांची शर्यत असती. गाडीवान पडला, तर पयलं त्येला काखंत हात घालून भायेर काढायचा. मागनं दुसरी बैलं येत असत्यात. बैल काय थांबतंय व्हय? उशीर केला तर मानूस खुरांखाली जातो. माज्या सख्ख्या चुलत्याला म्या असाच काढला, वाचला त्यो. हितं बी मागनं तीन मोटारी सुटलेल्या. म्या म्हनलं, आता त्या येत्याल आन् ह्या गाडीवर चढत्याल.

सुभाष: अरे, लाल झेंडा दाखवला होता ना मी. लाल झेंडा दाखवला की सगळ्या गाड्या असतील तिथे थांबतात. थांबल्याच होत्या त्या. दुसऱ्या वळणाच्याही अलीकडे.

भैरू: लाल झेंडा बघितला म्या.

सुभाष: मग?

भैरू: मला वाटलं, धोका हाय म्हनून दावताय. पळा, उचला, असं. लाल म्हंजी मागच्या गाड्या थांबल्या, ह्ये मला कुनी सांगितलं व्हतं, सायेब?

सुभाष: हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला करतोस? पोलिसांनी विचारलं, तर सगळं तुझ्यावर येईल. क्लबात वकील आहेत, मोठमोठी माणसं आहेत. तुझ्यामागे कोण आहे? तुझा शेठ श्यामसुंदर? तो तर कालपासून फोन उचलत नाही. उलटलेल्या गाड्या सरळ करायला दणकट माणसं हवीत म्हणून तुम्हा बाराजणांना त्यानेच आणलं आणि आता स्वतःच गायब.

भैरू: रातभर डोळ्याला डोळा न्हाई माज्या. हात असं समोर धरून बसलोय.

सुभाष: म्हणूनच म्हणतो, सही कर आणि घरी जा. दोन दिवस आराम कर. चारुलता वहिनी, या. बसा ना.

चारुलता: बसायला वेळ नाही, सुभाषभाऊ. कागद झाला का? डॉक्टर अकराला येणार आहेत. पाऊण वाजत आला... नाही, पावणेअकरा. मला घड्याळसुद्धा वाचता येत नाहीये.

सुभाष: झालाच आहे. सहीपुरता राहिलाय.

चारुलता: हे कोण?

सुभाष: आमचा एक माणूस. मार्शल होता. भैरू, तू खाली चहा घेऊन ये.

चारुलता: थांबा. काल तिसऱ्या वळणावर तुम्ही होतात?

भैरू: व्हय, ताई.

चारुलता: कुणीतरी पाणी पाजलं, एवढंच यांना आठवतं. गाडी उलटली ते आठवतं, मग पाणी, मग एकदम अँब्युलन्स. मधलं काही नाही. ते पाणी तुम्ही पाजलंत?

भैरू: म्याच.

चारुलता: मग मला तुमच्याशीच बोलायचंय. कागद नको मला, सुभाषभाऊ.

सुभाष: वहिनी, त्याने सगळं सांगितलंय, मी लिहून घेतलंय. त्याला नीट बोलता येत नाही, घाबरलेला आहे. आपण सानपाड्याला एका सोसायटीत राहतो, अभिराम माझ्या भावासारखा. मी काही चुकीचं लिहीन का?

चारुलता: मी बँकेत आहे, भाऊ. कागद काय असतो ते मला माहीत आहे. तुमचं नाव काय?

भैरू: भैरू शेडगे.

चारुलता: शेडगेदादा, डॉक्टरांचं एकच म्हणणं आहे. फोटो काढलेत, त्यात मणका सरकलेला दिसतो. पण कधी सरकला ते दिसत नाही. गाडी आदळली त्याच क्षणी पाय गेले असतील, तर ते म्हणतात, घाई करून काही हाती लागणार नाही. सूज उतरू दे, मग बघू. पण आदळल्यानंतर पाय हलत होते आणि मग थांबले, असं असेल, तर आत काहीतरी दाबतंय. मग आजच ऑपरेशन करून मान उघडायची. आजच. उद्या नाही. हे सांगणारं माणूस कोण, असं ते कालपासून विचारताहेत. आणि मी कालपासून कागदाची वाट बघतेय.

सुभाष: कागदात आहे ते. पोचले तेव्हा पाय लुळे होते.

चारुलता: तुम्ही पोचला होतात?

सुभाष: मी... पाच मिनिटांनी. तोवर त्याला बाहेर घेतलेलं होतं.

चारुलता: मग तुम्ही बोलू नका. शेडगेदादा, तुम्ही सांगा. पाय हलत होते का?

सुभाष: भैरू, विचार करून बोल. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नकोस. तुला चार लेकरं आहेत.

भैरू: ताई, पाय हालत व्हते.

चारुलता: नक्की?

भैरू: डाव्या पायाचा बूट पेडलखाली अडकला व्हता. म्या दार उघडलं तवा सायेब खाली बगून पाय ओढत व्हते. दोनदा हिसका दिला. तिसऱ्यानं बुटातनं पाय भायेर आला, मोज्यासकट. त्येनीच काढला, सोता. म्या हात बी लावला नव्हता अजून. मोजा राखाडी व्हता. टाचंला भोक व्हतं.

चारुलता: काल सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, तो मोजा घालू नका. मग?

भैरू: मंग म्या उचललं.

चारुलता: आणि मग?

भैरू: कडंला न्हेऊन निजवलं. टोप काढला, पानी दिलं. म्या म्हनलं, सायेब, उठून बसताय का? त्ये म्हनले, पाय कुठायत माजे? समोरच हायेत की, म्हनलं म्या. मला आदी कळलंच न्हाई, त्ये काय इचारत्यात.

चारुलता: कसं उचललंत?

भैरू: आँ?

चारुलता: डॉक्टर विचारतील. कसं धरलं, मान कुठे होती. मला सांगता यायला हवं. दाखवा.

भैरू: कुनावर दावू?

चारुलता: सुभाषभाऊ, त्या बाकड्यावर बसा. पाय पुढे घ्या, गाडीत बसल्यासारखे.

सुभाष: वहिनी, हे काय, लोक बघताहेत.

चारुलता: बसा.

भैरू: सायेब, ढिलं सोडा आंग. त्येंचं ढिलंच व्हतं. असा बाजूनं आलो. असं दोनी काखंत हात घातलं. छातीवर पंजं बांधलं. आन् आता वर.

सुभाष: भैरू, हळू... अरे, मान...

भैरू: व्हय. तवा बी अशीच मागं पडली मान. वर जड टोप व्हता. आन् म्या मागं मागं ओढीत न्हेलं, धा-बारा पावलं. टाचा मुरमावनं फरपटत व्हत्या.

सुभाष: सोड. सोड मला.

भैरू: लागलं का?

सुभाष: नाही. नाही लागलं. माझं डोकं... मला ते आवरताच येईना, भैरू. मी शुद्धीवर आहे, धडधाकट आहे, तरी.

चारुलता: शिकवलं नव्हतं यांना?

सुभाष: आं?

चारुलता: माणसाला गाडीतून कसं काढायचं, कधी काढायचं नाही. तुम्ही मुख्य मार्शल ना? हे असंच उभं केलं होतंत यांना?

भैरू: शनवारी एका कागुदावर सही घेतली व्हती आमची. बाराजनांची. कसली त्ये म्या इचारलं न्हाई.

चारुलता: कसली होती, भाऊ?

सुभाष: प्रशिक्षण मिळालं म्हणून.

चारुलता: आणि मिळालं होतं?

सुभाष: दोन तास ठेवले होते. चार ते सहा. झेंडे कसे ओळखायचे, माणूस कसा धरायचा, सगळं मी लिहून नेलं होतं. खिशात चिठ्ठी होती. पण बॅनर उशिरा आले. मोठमोठे, तीस-तीस फुटांचे, आणि वारा सुटलेला. बांधायला माणसं नव्हती. मग मी यांनाच लावलं. म्हटलं, हे उरकू, मग शिकवू. सहा वाजता अंधारून यायला लागलं, जासईहून शेवटचा टेम्पो निघत होता. मी म्हटलं, सकाळी दहा मिनिटांत सांगू. सकाळी पाहुणे आले.

चारुलता: आणि सही?

सुभाष: ती आधीच घेतली होती. चार वाजता.

चारुलता: तुम्ही अभिरामला काय सांगितलं होतंत, आठवतं? शनिवारी रात्री आमच्याकडे आला होतात. मी म्हणत होते, नका जाऊ. तुम्ही म्हणालात, वहिनी, माझी माणसं तयार आहेत, तो घरी सुखरूप येईल.

सुभाष: म्हणालो होतो.

चारुलता: त्या शब्दावर मी गप्प बसले.

भैरू: ताई, सायबांना नगा बोलू. उचललं म्या. हात माजं व्हतं.

चारुलता: तुम्हालाही काही बोलणार नाही. बोलायला लागले तर थांबवता येणार नाही मला, आणि आता थांबायला वेळ नाही. किती वाजले?

सुभाष: अकराला पाच कमी.

चारुलता: हेच सगळं डॉक्टरांना सांगाल? बूट, मोजा, तीन हिसके, आणि मग त्यांनी काय विचारलं ते?

भैरू: सांगन. पोलिसास्नी बी सांगन. मंग माजं काय व्हायचं त्ये हूं दे. त्येंची मान आज उघडत्याल ना?

चारुलता: उघडतील. उपयोग होईल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. होईल म्हणतात, नाहीही म्हणतात.

सुभाष: मी येतो. प्रशिक्षणाचंही मीच सांगतो, लेखी देतो. हा कागद मी फाडतोय, वहिनी.

चारुलता: फाडू नका. तसाच ठेवा, लागेल तो मला.

सुभाष: बरं.

भैरू: कुठल्या बाजूला, ताई? ह्यो जिना व्हय?

चारुलता: हो, एक मजला वर. तुम्ही दोघं माझ्या मागून या, शेडगेदादा. पुढे चाललात, तर मला तुमचे चालते पाय दिसत राहतील.