डावी शिवण

सून: बाबा, ब्रश ठेवा खाली. आधी इकडे या.

सासरे: शेवटचा हात चाललाय गं. मध्येच थांबलं की रंगाला कड पडते.

सून: पडू दे. होडीच्या डाव्या बाजूला, तळाशी, माझं नख आत गेलं.

सासरे: कशात?

सून: सांध्यात! चांगलं अर्धं नख. आणि हा पॉलिशपेपर बघा, दोनदा फिरवला तर चिकटून गच्च झाला. उजव्या बाजूला कशी पांढरी भुकटी पडत होती.

सासरे: रंग ओला असेल.

सून: तिथला रंग परवाचा आहे. वर सुरकुत्या आल्यात, दुधावर साय धरते तशा. हातच्या काकणाला आरसा कशाला? दाबून बघा.

सासरे: चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्यात मी, सूनबाई. तू मशीनवर कपडे शिवतेस. लाकूड मला शिकवू नकोस.

सून: लाकडाचं नाही म्हणत मी, शिवणीचं म्हणतेय. ती माझी आहे. प्लायच्या फळ्यांना भोकं पाडून तांब्याच्या तारेचे टाके मी घातले. तुम्ही सांध्यात गोंद भरलात. गोंद वाळला म्हणालात, तेव्हा टाके मीच कापून काढले. आता त्या फळ्या नुसत्या गोंदावर उभ्या आहेत, बाबा. धरायला दुसरं काही नाही.

सासरे: वरून तीन हात रंग बसलाय. पाणी शिरायचं नाही.

सून: रंगानं कधी शिवण धरलीय?

सासरे: हळू बोल. तो कुठाय?

सून: पुढच्या दारी, टेम्पोवाल्याशी फोनवर. उद्या सकाळी सातला टेम्पो, मग होडी तळ्यावर. चिमणीनं टोपीसुद्धा काढून ठेवलीय. सात वर्षांची पोर. तिला पोहता येत नाही, बाबा. मलाच येत नाही, तर तिला कोण शिकवणार?

सासरे: काठाकाठानं फिरतील की.

सून: ह्यांना ओळखत नाही तुम्ही? पार मधल्या बेटापर्यंत नेतो म्हणून कबूल केलंय तिला. ही शिवण तुम्ही एकट्यानं भरलीत ना? त्या आठवड्यात मला शाळेच्या गणवेशांची घाई होती.

सासरे: भरली. मग?

सून: दोन भाग गोंद, एक भाग हार्डनर; माप चुकलं की गोंद वाळतच नाही. एरवी मी मोजून द्यायचे. त्या दिवशी कोणी मोजलं?

सासरे: मी. मापाच्या पेल्यावर खुणा असतात, त्यात काय अवघड आहे?

सून: हा घ्या पेला. सांगा, कुठवर भरलाय?

सासरे: ही काय परीक्षा आहे?

सून: सांगा ना.

सासरे: निम्मा आहे.

सून: रिकामा आहे, बाबा.

(सासरे पेला खाली ठेवतात.)

सून: कधीपासून?

सासरे: वर्ष होईल. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघतो तेव्हा तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही.

सून: आणि ताकास तूर लागू दिली नाहीत!

सासरे: दिली असती तर? हत्यारांची पेटी माळ्यावर गेली असती आणि मी खुर्चीत. ‘बाबा, तुम्ही बसा.’ ‘बाबा, तुम्ही राहू द्या.’ तुझी सासू गेल्यावर मला ह्या होडीनं उभं ठेवलं. मरणाला नाही भीत मी एवढा, पण त्या खुर्चीची भीती वाटते गं.

सून: आणि मला त्या तळ्याची वाटते.

सासरे: ऐक. उद्या सकाळी मी म्हणतो, छातीत दुखतंय. जाणं रद्द. मग आठवडाभरात तू नि मी गुपचूप सगळं नीट करू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सून: आणि तोवर होडी दारात. एखाद्या संध्याकाळी मी कामात असताना हे पोरीला घेऊन गेले तर?

सासरे: नाही नेणार.

सून: पेलाही निम्मा म्हणाला होतात तुम्ही.

मुलगा: बाबा! टेम्पोवाला सातऐवजी सहाला येतो म्हणतोय, हो म्हणू ना? अरे वा, काय चकाकतेय! तुझा का गं चेहरा उतरलाय?

सासरे: काही नाही रे, रंगाचा वास डोक्यात गेलाय तिच्या.

सून: बाबा.

सासरे: नाही म्हण त्याला.

मुलगा: कोणाला?

सासरे: टेम्पोवाल्याला. डावी शिवण कच्ची आहे. गोंद मी चुकीचा कालवला. माप दिसलं नाही मला.

मुलगा: दिसलं नाही म्हणजे? चष्मा नव्हता?

सासरे: चष्मा होता रे. डोळे नव्हते.

मुलगा: पण मग... बाबा, रंग देताना तरी कळलं असेल ना तुम्हाला? हाताला लागलं असेल.

सासरे: लागायचं. रोज हात फिरवायचो आणि म्हणायचो, उद्या वाळेल.

मुलगा: मी चिमणीला बेटावर नेणार होतो.

सासरे: माहीत होतं.

मुलगा: माहीत होतं, आणि तुम्ही रंग देत होतात?

सासरे: देत होतो. घाबरलो होतो रे. जितका घाबरलो, तितके हात दिले. बोल, काय बोलायचं ते बोल.

मुलगा: आत्ता नको. आत्ता बोललो तर भलतंच बोलेन. टेम्पोवाल्याला सांगून येतो.

सासरे: गेला?

सून: नाही. दारातच उभे आहेत. तुमच्याकडेच बघतायत.

सासरे: मग त्यालाही ऐकू दे. हा गोंद सगळा खरवडून काढावा लागेल, तो मी काढतो. पटाशी द्या मला. देणार असाल तर.

मुलगा: ही घ्या. धारेकडून धरू नका, मूठ इकडे आहे.

सासरे: तार शोध, सूनबाई, टाके पुन्हा घालावे लागतील. आणि तू रे, इकडे ये. कच्चं कुठून सुरू होतंय, तिथे माझं बोट नेऊन ठेव.