तोफेवरची झोप

पेन्शनीवरून आमच्या महादूचं आठवलं पाहा. एलिचपूरच्या पलटणीत शिपाई होता तो. तोफेच्या पहाऱ्यावर झोपलेला सापडला अन् पलटणीतून त्याचं नाव कापलं. नाव कापलेल्याले पेन्शन नाही, असा सरकारी कायदा. घरी चूल पेटायची पंचाईत, म्हणून गेला सायबापुढं.

"सायेब, झोपलो खरा, पण तोफेवरच झोपलो. तोफ गेली काय कुठं?"

सायेब हसला, पण पेन्शन काही देल्ली नाही.

तवा कापसाले सोन्याचा भाव आलता. अमरावतीच्या एका शेटजीले राखणदार पाहिजे होता, मी महादूले घेऊन गेलो. शेटजीनं पहिलंच विचारलं, "शिपाई होता, तं पेन्शन काहून नाही?" मी डोळ्यानं खुणावून राहिलो, पण या बाबानं सारं खरं सांगून टाकलं!

शेटजी म्हणे, "माहा पेन्शनवाला राखणदार रातभर कापसाच्या गंजीभोवती फिरते. तो इकडं आला का तिकडून कापूस जाते. तू गंजीवरच झोप!"

सकाळी पाहतो तं महादूचे डोळे लालभडक. म्हटलं, "काहून रे?"

"काय सांगू राजा! जिच्यापायी पेन्शन गेली, ते झोपच येत नाही. कापूस लय मऊ हाये, आपल्याले तोफेची सवय!"