केशरी केबलचं वेटोळं

—तिथे नको बसूस, त्या खुर्चीचा पाय हलतो. इकडे सोफ्यावर बस. अहो-जाहो नाही करत तुला, माझ्या भाच्याएवढा तर आहेस. राहुल ना? कुठला रे? मिरजेचा! अग्गोबाई, समोरच्या फ्लॅटमधल्या अर्चनाचं माहेर की मिरज. ती होती ना त्या शनिवारी तुमच्या कॅरव्हान पार्कवर, पिवळ्या ड्रेसमधली, तीच. तिची सही झाली? कधी? बघ, मला एका शब्दाने बोलली नाही. लग्न झालंय तुझं? बरं बरं, राहिलं, नाही विचारत. पण एका सहीसाठी उम्म अल क्वैनहून इथे शारजाला पाठवलं तुला साहेबांनी, आणि तेही अल मजाजच्या ट्रॅफिकमध्ये, म्हणजे प्रकरण साधं नाही. करते रे सही, कुठे पळून चाललेय! आधी मला सांग, त्या याकूबचा हात कसा आहे? अजून पट्टी? उजवाच ना? अरे देवा. आणि खरंच काढणार त्याला कामावरून? व्हिसाही जाणार? माझ्या या सहीवर?

नाही, विचारलं आपलं. माणूस विचारतो.

आता झालं काय ते तुला ठाऊकच आहे, मी काय नव्याने सांगणार — तरी सांगते. आम्ही बिल्डिंगमधल्या चार घरांनी मिळून तुमची ती मोठी कॅरव्हान घेतली दोन दिवसांसाठी. समुद्र समोर, हवा गार, पोरं खूश. वडे मी तळणार हे ठरलेलंच, माझ्या हातच्या वड्यांशिवाय आमच्यात काही होत नाही — मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणून घरून इंडक्शन घेतलं, मोठी किटली घेतली, इस्त्रीसुद्धा घेतली. हसू नकोस, फोटोत चुरगळलेले कपडे कसे दिसतात! तर हा याकूब आला, त्या खांबावरच्या निळ्या सॉकेटात केबल लावली, दुसरं टोक कॅरव्हानला लावलं, आणि उरलेली केबल — ही लांबलचक, केशरी — रिळावरून सगळी उलगडून वाळूत पसरून ठेवली. शेवयांसारखी. मग म्हणाला, "बाजी" — ताई म्हणायचा मला, त्यांच्यात बाजी म्हणतात — "बाजी, गरम करनेवाली चीज एक टाइम पे एक चलाना, और केबल खोल के रखना."

खोल! आता तूच सांग, मिरजेचा माणूस आहेस, मराठीत खोल म्हणजे काय? विहीर खोल, डबा खोल. मला वाटलं, म्हणतोय खोल आत ठेवा, कुणाच्या पायात येणार नाही अशी. म्हणून मी आपली नीट गुंडाळली रिळावर, घट्ट, आणि वरून बसायची चटई टाकली. बघ हसलास! सगळेच हसले. आमचे मिस्टर एरवी माझ्या बोलण्याला ओठ हलवत नाहीत, तेही हसले. तुमच्या साहेबांना हिंदीत समजावून सांगितलं तर तेसुद्धा हसले, "लँग्वेज प्रॉब्लेम" म्हणाले आणि लिहून घेतलं. मला आपलं बरं वाटलं. जळून गेलं ते गेलं, निदान भांडण नाही झालं.

तर आण तो कागद. चष्मा कुठे गेला — हं. हे सगळं इंग्रजीत. माझं दहावीपर्यंतचं इंग्रजी, तेही ढकललेलं. तूच वाच आणि मराठीत सांग. हं… हं… बरोबर, दुपारी साडेतीन… चटईने पेट घेतला… बरोबर… "कर्मचाऱ्याने हाताने प्लग ओढून काढला" — हो ना रे, मी ओरडतेय वडे जळले वडे जळले म्हणून, मला वास तोच वाटला, आणि तो धावत आला, त्या वितळलेल्या केबलसकट ओढलं त्याने. प्लास्टिक चिकटलं हाताला. पुढे वाच.

काय? परत वाच. याकूबने असं लिहून दिलंय? "मॅडमना नीट समजावून सांगायचं माझ्याकडून राहिलं, चूक माझी." त्याच्या सहीने? कुणी लिहून घेतलं का तसं? आपणहून?

थांब जरा. पंखा वाढव, नाही, राहू दे.

राहुल, तुला एक विचारू? तू आल्यापासून मी तुझ्याशी बोलतेय, खाली वॉचमनशी फोनवर काय बोलले मी, तू इथेच होतास, ऐकलंस ना? हिंदीत बोलले. भाजीवाल्याशी हिंदीत, टॅक्सीवाल्याशी हिंदीत. एकोणीस वर्षं झाली मला इथे. खोल के रखना म्हणजे काय हे मला कळणार नाही? मी उत्तर दिलं होतं त्याला. "हां भाई, पता है, पता है" म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. साहेबांपुढे हे त्याने काढलं असतं तर मी काय बोलणार होते? नाही काढलं. तिथेच उभा होता, हात पाण्याच्या बादलीत घालून, आणि मी विनोद सांगत होते.

आणि अजून आहे. नाही, आता ऐकच. पहिल्यांदा गुंडाळली ती खरंच नीटनेटकेपणापायी, मला पसारा बघवत नाही. पण दुपारी खांबावरचा खटका पडला — इंडक्शन चालू, किटली चालू, एसी चालू — तेव्हा हा याकूब आला बघायला. चटई उचलली, रिळाला हात लावला, म्हणाला गरम झालंय. परत सगळी केबल उलगडली आणि सगळ्यांसमोर मला समजावलं, की गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते, उघडी असली की वारा लागतो. चांगलं सांगितलं रे, शाळेत सांगावं तसं. तर अर्चना म्हणाली, "घ्या, शोभनाताईंना शिकवणारा भेटला एकदाचा." आणि सगळ्या हसल्या. इतकंच. तो गेला आणि मी — मी ती परत गुंडाळली. आधीपेक्षा घट्ट. मनात म्हटलं, खांबाला वायरी लावणारा माणूस, हा मला शिकवणार? हे असंच म्हटलं मनात, शब्द बदलत नाही. वर चटई टाकली आणि तिच्यावर कुशन ठेवली. एसी तेवढा बंद केला, की खटका पडायला नको आणि याला परत यायला नको. इंडक्शन आणि किटली दोन्ही लावली आणि वडे तळत बसले. एकशे वीस वडे. पोरं त्या चटईवर येऊन-जाऊन बसत होती, राहुल. त्या चटईवर.

मिस्टरांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्या बाकीच्या पोहायला गेल्या होत्या, त्यांना वाटतंय केबल पहिल्याच गुंडाळीत आतून जळाली होती, नंतर फक्त पेटली.

दे पेन. त्याने लिहिलंय त्याच्याखाली जागा आहे ना? मराठीत लिहिते. साहेबांना येत नसेल तर तू सांग. नाही, इंग्रजीत तू लिहून देऊ नकोस, तू गोड करून लिहिशील. "याकूब यांनी मला दोन वेळा सांगितले. मला समजले होते. केबल मी मुद्दाम गुंडाळली." मुद्दामला दीर्घ असतो का रे पहिला? ऱ्हस्वच? — असू दे, कळेल. ही सही. ही तारीख. नुकसानीचं काय ते मिस्टरांशी मी बोलते, तू त्यांना फोन करायचा नाहीस.

अर्चना उद्या विचारेल तुझ्याबद्दल. मग सगळ्या बिल्डिंगला कळेल, अकराव्या मजल्यापर्यंत. कळू दे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीच केलं असतं ते काम, तिच्या आधी.

त्याला फोन करावा म्हणते. नंबर देशील? — नाही, नको. मी काय बोलणार, आणि तो परत बाजी म्हणेल.

घे. वाचू नकोस इथे. गाडीत बसून वाच. असा बघत काय राहिलास माझ्याकडे, यल्ला, जा. जा म्हटलं ना.