मोकळं घर

नगरच्या बँकेत माझ्यापुढे रांगेत एक बेकरीवालं जोडपं उभं होतं.

“रूथ, घराचं कर्ज काल फेडून टाकलं. सगळंच्या सगळं.”

“आँ? अहो, अजून आठ वर्षं हप्ते होते! पैसे कुठले?”

“बेकरीचे.”

“नाताळच्या केकसाठी लोकांनी आगाऊ दिलेले?”

“व्याज वाचलं ना!”

“अरे देवा! आता मैदा, लोणी कशातून आणायचं?”

“त्यासाठीच तर आलोय. बेकरीला नवं कर्ज देतायत.”

“तारण काय ठेवणार?”

“घर.”

“कालच सोडवलेलं?”

“हळू बोल. आज नुसती चौकशी. सह्या सोमवारी करू.”

“सोमवारीच का?”

“रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायचीय, देवानं आमचं घर मोकळं केलं म्हणून.”