शिंद्यांचा गिझर आणि जावयाचे अभ्यंगस्नान

गिझरचा विषय निघालाच आहे, तर पिंपरीच्या कॉलनीतील आमचे शेजारी शिंदे यांची फजिती ऐकाच. माझ्या टाकीच्या गिझरला ते सदैव हसत. "अण्णा, पाणी साठवून कशाला तापवायचं? आमचं यंत्र बघा, नळ सोडला की गरम!"

त्यांच्या जावयाचा पहिला दिवाळसण आला. नरकचतुर्दशीच्या पहाटे जावईबापूंच्या अंगाला तेल-उटणे लावून झाले आणि नेमकी वीज गेली; शिंद्यांच्या विजेच्या यंत्रातून थंड पाणी येऊ लागले. शिंदे धावतच माझ्या दारी आले.

"अण्णा, जावई कुडकुडतोय. अब्रू राखा!"

माझ्या टाकीतील पाणी वीज जाण्यापूर्वीच तापलेले होते. पंचा गुंडाळलेले जावईबापू आमच्या न्हाणीघरात यथेच्छ न्हाले. स्नान आमच्याकडे झाले, म्हणून माझ्या पत्नीने त्यांना रीतीप्रमाणे ओवाळले आणि शर्टाचे कापड दिले. घरी परतताच सासूबाईंनी पुन्हा ओवाळून आहेर केला.

फराळाच्या वेळी शिंदे खिन्नपणे म्हणाले, "व्हय अण्णा, तुमचंच खरं. उद्याच टाकीवाला बसवतो."

जावईबापू घाईघाईने उद्गारले, "नको मामा! टाकीवाला मी माझ्या घरी घेतो. तुमच्याकडे हाच राहू द्या. नाहीतर माझा एक आहेर बुडेल!"