तांब्यातले गुलाब

दुष्काळात पाहुण्यांसाठी फुलं जगवायची म्हणजे जिवाला काय घोर असतो, ते मला विचारा. मी तेव्हा आमच्या साखर कारखान्यात कारकून होतो. गळीत हंगाम सुरू करायच्या मोळीपूजनाला मुंबईचे मोठे साहेब येणार होते. चेअरमन मला म्हणाले, "टेबलावर एक जरी सुकलेलं फूल दिसलं, तर उद्यापासून येऊ नका."

सोलापूरहून एसटीनं गुलाब आणले, तर उस्मानाबादला उतरेपर्यंत सगळ्यांनी माना टाकलेल्या! धावतच कारखान्याच्या बागेतल्या माळी गणपतमामांकडं गेलो.

मामा म्हणाले, "देठं तिरपी छाटा, खालची पानं काढा. पाण्यात साखर घाला, लिंबू पिळा. उद्या बघा."

"मामा, साखर पोत्यानं हाय. पाणी कुठाय?"

टँकर दोन दिवस आलाच नव्हता. शेवटी माझ्या प्यायच्या पाण्याचा पितळी तांब्या घेतला, त्यात साखर-लिंबू घातलं आणि गुलाब उभे केले.

सकाळी बघतो तर गुलाब टवटवीत! तांब्या टेबलावर ठेवला अन् कुठं श्वास घेतला, तोच साहेब घामाघूम होऊन आले. त्यांनी गुलाब उचलून माझ्या हातात दिले आणि तांब्या तोंडाला लावला. पार तळाला नेला!

"वा! दुष्काळात लिंबू सरबत, अन् तेही फुलं लावून? याला म्हणतात अगत्य!"

देठं रात्रभर त्यात भिजलेली. मागं उभ्या मामांच्या कानाशी लागलो, "मामा, साहेबांना काय झालं म्हंजे?"

मामा म्हणाले, "मान टाकलेले गुलाब उठून बसले त्या पाण्यानं. साहेब तर धडधाकट हायेत."