जाळ्यात न सापडणारा

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेला शिंपी दुखणं विसरून शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं ऐकत होता.

“मावशी, समुद्रात एक पारदर्शक प्राणी असतो. तो शेंबडासारखं चिकट जाळं पसरतो आणि पाण्यातले जंतू गाळून खातो.”

“शी! इथं माझी दाढ काढायचीय आणि तू शेंबूड काय सांगतेस?”

“ऐक तर! एक जंतू त्या जाळ्यात सापडतच नव्हता. आम्ही प्रयोगशाळेत वर्षभर जाळ्यालाच दोष देत बसलो.”

“मग?”

“आज कळलं! त्याचं अंगच गुळगुळीत! चिकटतच नाही, अलगद निसटतो!”

“अगं, नाचतेस काय? बस खाली, लोक बघतायत.”

“जो प्रयोग फसला म्हणून रडले, तोच खरा निघाला गं!”

“गुणाचा गं तो जंतू! जोरात पळतो का?”

“छे! काहीच करत नाही. फक्त कशाला चिकटत नाही.”

“अस्सं. माझी पर्स धर जरा. हात धुऊन आलेच.”

थोड्या वेळाने नर्सने हाक मारली, “दाढवाल्या मावशी?”

“अगंबाई! मावशी कुठे गेली?”

“मग शिंपीदादा, तुम्हीच या आत.”

शिंपीदादा तेव्हा जिन्यात होता.

“मावशी, चपला हातात घ्या. वाजतायत.”